चिनूचा मेसेज

मंगळवार, ८ जुलै
आज पण टिंग वाजलं! डाळ निवडत होते, तशीच उठले, देवासमोर साखर ठेवली. नात माझी पोचली. चिनूच्या कालेजात गळ्यात कार्ड घालतात, गेटातल्या डबीसमोर धरलं की हजेरी लागते. घरी मेसेज येतो, इंग्लिशमधे. मला कुठलं इंग्लिश, चौथीत शाळा सुटली. पण चिनूनं सांगून ठेवलंय, "आजी, टिंग वाजलं की मी पोचले समज." सून, चिनूची अम्मा, म्हणत होती माझा नंबर द्या. चिनू म्हणाली, नको, आजीचाच. काय बरं वाटलं मला!

आमच्या दाराला पण तसलंच कार्डाचं कुलूप बसवलंय माझ्या मुलानं, सुरेशनं, किल्लीच नाही. माझ्या कार्डाला कुंकू लावलं तर चिनू ओरडली, "आजी, खराब होईल!" मशीनला कुंकू लावल्यानं कधी काही खराब झालंय? वांगी संपलीत.

गुरुवार, १७ जुलै
टिंग नाही. दहा वाजून गेले, अकरा. चिनूचा फोन बंद. बस कुठं आपटली की काय... शेजारच्या कानडी शारदक्काकडे धावले, चप्पल नाही, कार्ड आत, दार मागं बंद. तिनं चष्मा लावून मागचे मेसेज वाचले. मग म्हणाली, "अक्का, बंदिल्ल. आली नाही, असं लिहिलंय. पोरगी गेली नाही तरच हा येतो. आज नाही आला, म्हणजे आज गेलीय."
म्हटलं, नीट वाच ग. परत वाचलं. सगळे तसलेच. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत म्हणे.
आणि मी साखर ठेवत होते.

शुक्रवार, १८ जुलै
संध्याकाळी गच्चीवर विचारलं, कुठं जातेस?
"मेट्रोत बसते. इकडून तिकडं. वर्गात मला काही कळत नाही, आजी."
खरं की खोटं, आता मी काय ओळखणार.
"आणि माझाच नंबर का दिलास?"
खाली बघून म्हणाली, "अम्माला इंग्लिश येतं ना."
मग रडली, अप्पाला सांगू नको म्हणून गळ्यात पडली. मी तिचे हात सोडवले. आजवर कधी सोडवले नव्हते.

शनिवार, १९ जुलै
जेवताना सुरेशला म्हटलं, "कालेजात तुझाच नंबर दे रे. मला स्वल्प कमी दिसतंय."
"सरी, बरं, सोमवारी जाऊन बदलून येतो. डोळे दाखवू या का?"
"बघू."
चिनूचा हात ताटात थांबला. मी तिला भात वाढला, तूप घातलं.
सोमवारी हा तिथं गेला की सगळं कळणारच. मधे रविवार आहे. तिनं आपल्या तोंडानं सांगावं, मी नाही सांगणार. आत्ता बाहेर बापाशी काहीतरी बोलतेय. लिहिणं थांबवून कान लावले.
क्रिकेटचं चाललंय.