पोर्ट कॅरिकचा दहावा गोल

सातवे कलम दुसऱ्यांदा खोडले तेव्हा डॉन म्हणाली, "मर्व्हकाका, कागदाला भोक पडेल." म्हणून नवा कागद घेतला आहे आणि पहिल्या ओळीपासून लिहितो आहे.

मी, मर्व्हिन जॉन ट्रेगेन्झा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बूट बनवणे (दुकान आता बंद), राहणार चॅपल रस्ता, पोर्ट कॅरिक, यॉर्क द्वीपकल्प, दक्षिण ऑस्ट्रेलिया, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हात थरथरत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. उलट डॉन केसल, जी साक्षीला आली आहे, तिने "एवढं लांब कशाला?" असे दोनदा विचारले आहे. १९७१ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ज्यांना वस्तू दिल्या होत्या, त्यांतले बहुतेक माझ्याआधी गेले.

१. घर. चॅपल रस्त्यावरचे दगडी घर माझी मुलगी रोझलिन हिला. अट अशी, की माझ्या धाकट्या भावाची, कै. लिंडसेची बायको जॉयस मागच्या दोन खोल्यांत राहते, ती हयात असेपर्यंत तिला तेथून कोणी हलवू नये. रोझलिन हलवणार नाही. ती खिडक्या मात्र बदलील. बदलू दे.

२. बँकेतली शिल्लक रोझलिनला. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

३. हत्यारे. चामडे कापायची रापी, चार आऱ्या, हातोडे, बुटाच्या साच्याचे लाकडी कलबूत, चामडे ताणायचा चिमटा. हे सर्व जो कोणी वापरील त्याला. भिंतीवर टांगणाऱ्याला देऊ नये. मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात एक रापी खिळ्याला उलटी टांगलेली पाहिली. जेवण अर्धे टाकून उठलो.

४. पायांचे कागद. १९४६ ते १९७४ या काळात फुटबॉलचे बूट शिवून घ्यायला जो आला, त्याचे दोन्ही पाय मी तपकिरी कागदावर उभे करून पेन्सिलीने आखून घेतले. नाव, साल, आणि तळाला चामड्याच्या किती खुंट्या ठोकल्या ते लिहून ठेवले. असे दोनशे अकरा कागद कपाटात आहेत. ते ज्याच्या त्याच्या घरी द्यावेत. टॉट बिडगुडचा पाय पाच नंबरचा होता आणि त्याच्याएवढा चपळ माणूस या किनाऱ्यावर झाला नाही. एका सामन्यात त्याचा बूट फाटला, तेव्हा मध्यंतरात त्याने आत जवाचा पेंढा कोंबला आणि आणखी तीन गोल मारले. विल्फ पास्कोचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब. तो जन्मभर डाव्यानेच मारत आला. पाय आधी लांब झाला की मारणे आधी सुरू झाले, हे मी त्याच्या आईला विचारायला हवे होते. रेज केसल म्हणजे डॉनचे वडील, तेरा नंबर, कागदात मावले नाहीत, टाचेसाठी दुसरा तुकडा जोडला आहे. तो कागद डॉनला आजच हातात दिला. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे पोस्टातून आणलेल्या छापील सूचनेत म्हटले आहे.

५. वीराबी गावच्या वार्ताहराबद्दल. नाव लिहीत नाही, तो गेला. १९५९ च्या सप्टेंबरात त्याने छापले की पोर्ट कॅरिकच्या पंचाचे झेंडे डोळ्यांनी नव्हे, रक्ताने हलतात. त्याला मी माफ करत नाही. पण त्याने लिहिले ते खोटे होते का, हे मला अजून कळलेले नाही. त्यामुळे रागही धड पुरा करता आला नाही.

६. लिंडसेच्या थडग्यावरचा दगड. तो क्लबने बसवला आहे. त्यावर "याने तो गोल मारला" असे कोरले आहे. पुढील कलमाचे काहीही झाले तरी दगडाला हात लावू नये.

७. झेंडे. ज्या वकिलासमोर हे वाचले जाईल तो कदाचित दुसरा खेळ पाहत वाढलेला असेल, म्हणून आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल सांगतो. गोलरेषेवर पांढरा कोट घालून एक पंच उभा असतो. चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने सरळ गेला, तर तो दोन झेंडे हलवतो, सहा गुण. रेषेपूर्वी बचाव करणाऱ्याचे बोट जरी लागले, तर एक झेंडा, एक गुण. त्या काळी दोन्ही गावांनी आपापला पंच द्यायची रीत होती. आमच्या गावचा मी होतो.

१९ सप्टेंबर १९५९. अंतिम सामना. वीराबी पासष्ट, आम्ही एकसष्ट, म्हणजे नऊ गोल आणि सात एकेरी गुण. मिनिटभर उरले होते. लिंडसेने चाळीस यार्डांवरून ड्रॉप किक मारली. चेंडू हातातून सोडायचा, आणि तो जमिनीला टेकता टेकता पाय घालायचा. आता हे कोणी करत नाही, धोका नको म्हणून. चेंडू अगदी माझ्या डोक्यावर आला. माझ्यापुढे वीराबीचा फुलबॅक, म्हणजे गोलपुढचा शेवटचा बचावपटू, क्लेम हॉस्किंग उडाला. त्याचा हात आणि चेंडू एका रेषेत होते. मला काहीतरी ऐकू आले. टक्.

ते नख होते का? चेंडूच्या वादीचे टोक होते? वाऱ्याने खांब करकरला? कोणी गाडीचे दार लावले? पुढची कित्येक वर्षे दुकानात चेंडू नखावर, खिळ्यावर, खांबावर आपटून पाहिले. नखाचा आवाज सर्वांत जवळचा वाटतो. पण आठवणीतला आवाजही दरवर्षी थोडा नखासारखा होत गेला असेल, तर?

मी क्लेमकडे पाहिले. क्लेम हा असा फुलबॅक, की चेंडू दोन हात वरून गेला तरी हात उंचावून "लागला! लागला!" ओरडणार. त्या दिवशी तो ओरडला नाही. स्वतःच्या बोटांकडे पाहत उभा राहिला. मी दोन झेंडे हलवले. सदुसष्ट विरुद्ध पासष्ट. आमच्याकडे झेंडे हलले आणि समोरच्या टोकाच्या पंचाने कार्डावर पेन्सिल टेकवली की झाले. मग पंच खेळाडूला विचारत नाही, खेळाडू पंचाला सांगत नाही. क्लेम त्यानंतर माझ्याकडे बूट शिवून घ्यायला आला नाही. कपाटात त्याचे चार कागद आहेत, शेवटचा १९५९ चा.

चेंडू लागला असेल, तर ते विजेतेपद आमचे नाही, आणि मी ते भावाला दिले. मरण्यापूर्वी मला एवढेच कळायला हवे. म्हणून हे कलम दोनदा असे लिहिले होते: झेंडे क्लेमला मिळावेत, पण त्याने आधी खरे सांगावे; "लागला" असे म्हणाला, तर जॉयसच्या पश्चात क्लबच्या विजेतेपदांच्या फलकावरून १९५९ ची ओळ काढावी. दोन्ही वेळा खोडले. कारण मी मेल्यावर तो जे सांगेल ते मला ऐकू येणार नाही.

तीन वाजता क्लेम आला. त्याला दुसरा साक्षीदार म्हणून बोलावले होते. पुढील बोलणे सह्या होण्यापूर्वी झाले आणि त्याने कलम बदलले, म्हणून नोंदवतो.

त्याने टोपी खुर्चीला अडकवली आणि टेबलावरच्या मांस-बटाट्याच्या पास्टीकडे पाहिले. "डॉनने केलीय का तू? तू केली असशील तर मी जेवून आलोय."

"डॉनने."

"मग नाही जेवलो."

मी त्याला खोडलेला कागद वाचायला दिला. त्याने चष्मा लावला. वाचता वाचता पास्टी खाली ठेवली. डॉन उठून खिडकीशी गेली.

"मर्व्ह," तो म्हणाला, "हे विचारायला तुला सदतीस वर्षं लागली?"

"रीत आहे."

"गेली खड्ड्यात रीत. मी इतकी वर्षं वाट बघतोय, हा कधीतरी सांगेल म्हणून."

"मी काय सांगणार?"

"लागला का ते! तू खाली उभा होतास. तुझ्या नाकावरून गेला चेंडू. मला काय कळतंय? मध्यंतरानंतर दोन बोटं मुरगळली होती, आमच्या माणसानं चिकटपट्टी गुंडाळून एकत्र बांधली. सुन्न. त्या बोटांवरून मेंढ्यांचा कळप गेला असता तरी कळलं नसतं."

"मग ओरडला का नाहीस? एरवी तर बोंबलायचास."

"बाबांमुळे. त्या सकाळी चॅपलच्या दारात धरलं मला. म्हणाले, आज सगळा किनारा बघतोय, लागला असेल तरच तोंड उघड. मी बोटं बघितली. काही कळेना. म्हटलं, मर्व्हला दिसलं असेल. तुझ्याकडे बघितलं, तर तू दोन झेंडे काढलेस. म्हटलं, चला, नाही लागला."

"मी तुझ्याकडे बघत होतो," मी म्हणालो. "तू गप्प होतास. म्हटलं, नाही लागला."

डॉन खिडकीशी हसायला लागली. क्लेम तिच्याकडे वळला. "हसतेस काय गं? तुझा बाप त्या गोलवर महिनाभर फुकट बिअर प्यायलाय."

"आणि बूट?" मी विचारले. "बूट करायला का आला नाहीस पुन्हा?"

"खरं सांगू?"

"सांग."

"चावायचे रे तुझे बूट. चार वर्षं टाचा सोलल्या. सामन्यानंतर निमित्त मिळालं."

मी त्याच्या टाचेचे माप आठवून पाहिले. चूक असेल. उजवी टाच अरुंद होती.

मग माझ्या ध्यानात आले. "चिकटपट्टी कसली होती? कापडी?"

"कापडी. का?"

"बोटाचं टोक झाकलं होतं की उघडं?"

"एकाचं झाकलं होतं. दुसऱ्याचं... थांब. उघडं असावं."

"असावं?"

"मर्व्ह, सदतीस वर्षं झाली."

मी आजवर प्रत्येक वेळी उघड्या नखाने तपासले होते. कापडी पट्टीने एकदाही नाही. हे ऐकून क्लेमने दोन्ही हात डोक्याला लावले. पण त्यानेच डॉनला विचारले, की रेजने तिला ड्रॉप किक शिकवली होती ना.

"शिकवली होती," डॉन म्हणाली. "पण चाळीस यार्ड नाही जमायचे."

"जॉयसला कळलं तर?" क्लेमने आवाज खाली आणून विचारले.

"मी सांगेन," मी म्हणालो. हे म्हणेपर्यंत मला ठाऊक नव्हते की मी सांगणार आहे.

तेव्हा सातवे कलम आता असे:

७. दोन्ही झेंडे पोर्ट कॅरिक मैदानावरच्या पंचांच्या खोलीत द्यावेत. काचेत ठेवू नयेत, वापरावेत. फलकावरची १९५९ ची ओळ आहे तशी राहील. ती खरी आहे असे मी म्हणत नाही. ती त्या दिवशी त्या जागी उभ्या असलेल्या दोन माणसांना जे कळले त्याप्रमाणे लिहिली आहे, आणि त्या दोघांना काही कळले नव्हते. भावासाठी हात उचलला का, या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आता तो प्रश्न विचारताना मी एकटा नाही, एवढे झाले.

८. क्लेम हॉस्किंगचे चार कागद त्याला मृत्युपत्राने न देता आजच दिले. त्याने उजवा पाय बूट काढून शेवटच्या कागदावर ठेवला. टाच रेषेबाहेर गेली. तो म्हणाला, "बघ!" वयाने पाय पसरतो, हे मी त्याला सांगितले. त्याला पटले नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून दाखवले, आणि तिघांनी एकाच टेबलाशी बसून, एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

सही: मर्व्हिन जॉन ट्रेगेन्झा

साक्षीदार:
डॉन रूथ केसल, पोर्ट कॅरिक
क्लेमेंट आर्थर हॉस्किंग, वीराबी

स्थळ: पोर्ट कॅरिक
शनिवार, १७ ऑगस्ट १९९६

वेगळ्या कागदावर, मृत्युपत्राचा भाग नव्हे:

रविवार, १८ ऑगस्ट. सकाळी चर्चला न जाता मैदानावर गेलो. वारा नैऋत्येचा. क्लेमला आता उडता येत नाही, म्हणून तो फळांच्या खोक्यावर उभा राहिला. दोन बोटे कापडी पट्टीने बांधली, टोकांना खडू लावला, म्हणजे चेंडूवर डाग पडला तर स्पर्श झाला. मी माझ्या जागी. डॉनने वीस यार्डांवरून एकोणीस वेळा ड्रॉप किक मारली. अकरा वेळा चेंडू खांबांच्या मधून गेला. त्यांतल्या सहांवर डाग होता. त्या सहांपैकी चार वेळा मला ऐकू आले. एकदा डाग नव्हता, तरी ऐकू आले. क्लेमला एकदाही कळले नाही.

जॉयसला न्याहारीच्या वेळी सर्व सांगितले होते. ती कोट चढवून आमच्याबरोबर आली आणि मैदानाच्या कडेला गाडीतच बसून राहिली. आमच्याकडे गोल झाला की गाड्यांतले लोक हॉर्न वाजवतात. अकराही वेळा तिने वाजवला.