श्रावणदादाचा वाटा

आरमोरीकडचं एक तलावाचं गाव
२ मार्च

दादा,

तुले आणि वहिनीले नमस्कार, रिंकूले पापा. मी मजेत आहो. वाचून राग येईल, येऊ दे. फोनवर तू ओरडतो आणि मी फोन कापतो, म्हणून कागद घेतला.

माझ्यासंगं कामाले असलेल्या सुनीलनं तुझा निरोप सांगितला. सोमवारी गडचांदूरले सिमेंट कारखान्यात परत हजर झाला नाई, तर घरी तोंड दाखवू नको, असा. मी हजर होणार नाई. झालं, पहिलंच लिहून टाकलं. आता आरामात लिहितो.

इथी मनकर्णाबाईच्या पडवीत राहतो. तिकीट आरमोरीचं होतं, पण बसमधून तलाव दिसला. छातीभर पाण्यात माणसं जाळं ओढत होती, भांडत होती, हसत होती. मी उतरलो. कंडक्टर म्हणे, "पागल आहे काय रे?" असन.

काम हलकं नाई. शिंपल्यांनी तळवे चिरतात. झिंगूभाऊ ओरडतो, "सिमेंटवाल्या, जाळं ओढून राह्यला का म्हशीचं दावं?" हा झिंगूभाऊ इथला म्होरक्या. पण वाटणी पाहून मी थांबलो.

मासळीचे काठावर ढीग लावतात, माणशी एक. एकानं पाठ करून उभं राह्यचं. दुसरा ढिगावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, ढीग त्याचा. मोठी मरळ आली तरी, बारीक काटेरी आली तरी. परवा झिंगूभाऊले सारी बारीकच आली, तर त्यालेच सगळे चिडवत होते. आमच्या कारखान्यात ठेकेदाराच्या साळ्याले कधी रात्रपाळी लागली काय?

काल पाठ करायले मले उभं केलं. "हा कोणाचा?" आणि तोंडातून निघालं, "श्रावणदादाचा!" आई सीताफळं अशीच वाटायची ना, भिंतीकडं तोंड करून मी पहिलं नाव तुझंच घ्यायचो.

"हा कोण रे बापा?"

"मोठा भाऊ. माजरीले, कोळशाच्या खाणीत आहे. चुकलो, परत घेतो."

ढिगावर काठी टेकवून उभी मनकर्णाबाई भडकली. "निघालेलं नाव परत घेत नसते!"

"पण तो इथी नाई."

"मंग बोलाव त्याले. जाळं ओढायले बी."

मंग एक ढीग कमी पडला, तो माझा; मले काईच आलं नाई. तुझी मासळी तिनं चिरून छपरावर वाळत घातली. एक भाजायले उचलली तर हातावर मारलं. म्हणे, "दुसऱ्याची हाये."

आता खरं. नोकरी धुळीनं सोडली, असं सगळ्यांले सांगतो. खोटं आहे ते. हिवाळ्यात तुझ्याकडं राह्यलो तवा पाह्यलं. तू ड्युटीवरून येतो, अंगणात गाडी बंद करतो आणि सीटवर तसाच बसून राहतो. रिंकू दारातून हाका मारते, तुले ऐकू येत नाई. वहिनी म्हणे, "हवा खाऊन राह्यले." दादा, तोंडाले रुमाल बांधून कोणी हवा खात नाई. ते पाहूनच मी पळालो. मले तसं बसायचं नाई. तुले बी बसू देणार नाई.

खाण सोड म्हणत नाई. दोन दिवस सुट्टी टाक. साहेब नाई म्हणन, तर म्हणू दे. शुक्रवारी परत जाळं पडते. पाणी गार आहे, लोक शिव्या देतात, आणि तुझ्या वाट्याले काय येईल ते कोणालेच माहीत नाई, साहेबाले बी नाई.

शुक्रवारी माझ्या बाजूची जागा रिकामी ठेवतो. दुसऱ्या कोणाले उभं राहू देणार नाई.

तुझं न ऐकणारा,
अश्विन