राखणदाराचा रिकामा रकाना

प्रिय सर्वेश,

तुझ्या त्या खेळात रकाना रिकामा ठेवला म्हणजे वैर, हे तू कुठल्या शाळेत शिकलास? आपल्या कोरगावात तर कोणी शिकवलं नसेल. मी चौथीपर्यंतच गेले, पण एवढं मला कळतं की गावाची हद्द राखणाऱ्या राखणदाराचा वाटा बाकीच्यांच्या रांगेत मोजायचा नसतो. तो हद्दीवरच्या वडाखाली आपल्या पायाने जाऊन, आपल्या हाताने ठेवायचा. रोट, विडी, हंगामात घोटभर काजूची हुर्राक दारू. घरात बसून पडद्यावर बोट टेकवून द्यायची ती वस्तू नव्हे. बापाने तुला खांद्यावर बसवून तिथे नेलं होतं, ते पुण्याला जाऊन विसरलास काय?

शिगम्याला आलास आणि सोप्यावर तो तुझा खेळ माझ्या मांडीवर ठेवलास. काजूच्या रसाने माझे हात चिकट, तरी ऐकेनास. आई, मी बनवलेला खेळ आहे, आधी त्यात आपला माणूस घडव, म्हणालास. नाव दे म्हणालास, मी तुझं दिलं. गाऱ्हाणं घालताना आई दुसऱ्या कोणाचं नाव घेणार? मग सांगितलंस, गावात चार शक्ती आहेत, आपल्याजवळ दिवे थोडेच, एकीसमोर जास्त लावले की दुसरी रुसते, सगळ्यांकडे आपल्या माणसाची पत सांभाळायची, तीच गंमत. मला हसू आलं. चार जावांत संसार केला मी, मला सलोखा शिकवतो मेला. वारुळातल्या देवीला दिवे लावले, तळीतल्या बायकांना लावले, रानातल्या चाळ्याला जरा कमी, कारण तो हावरा. राखणदाराचा रकाना तेवढा तसाच ठेवला, त्याचं बाहेर जाऊन देईन म्हणून. तू उठून आत चहा घ्यायला गेला होतास. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलं. राखणदार सर्वेशचा वैरी आहे.

तू हसलास. आता बदलत नाही, सुरुवातीला ठरलं ते शेवटपर्यंत, म्हणालास, आणि संध्याकाळची बस धरलीस. वडाकडे जा, हात जोड, म्हटलं, तर पुढच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मी विठू घाडीला घेऊन गेले. त्याने तुझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं, मी रोट ठेवला. आठ दिवसांनी दोघं जाऊन बघितलं तर रोट तसाच. मुंगीसुद्धा लागली नव्हती. विठूने वाकून वहाणा उलट्या करून बघितल्या. शिगम्याच्या जत्रेला आपण राखणदाराला नव्या वहाणा ठेवतो आणि तो रोज हद्द फिरतो म्हणून त्या झिजतात, हे तू लहानपणी बोट फिरवून बघितलं आहेस. यंदा तळ कोरा. चांभाराकडून आणल्या तशा, वर धूळ बसलेली. हा फिरतच नाही इथे, विठू म्हणाला, आणि घरी जाऊन पडून राहिला.

बाकी काजू यंदा कमी. शेवंतीची गाय व्याली, पाडी झाली. पाववाला पोदेर आता वडाच्या वाटेने येत नाही, पाव पाहिजे तर आपणच वरच्या रस्त्याला जायचं. विचारलं तर म्हणतो, तिथे फार शांत आहे, सायकलचासुद्धा आवाज होत नाही. मी त्याला वेडा म्हटलं. मग मी गेले तिथे काजूची बोंडं वेचायला. वाळक्या पानांवरून चालले आणि पाय वाजले नाहीत.

तूच ना फोनवर सांगितलंस, तुझ्या मजल्यावर लिफ्ट आपोआप उघडते, आत कोणी नसतं, आणि मग पॅसेजमध्ये काठी टेकत कोणी चालतं? शेजारचा म्हातारा असेल, म्हणालास. त्याच आठवड्यात वडाखालच्या वहाणा गेल्या. कोण नेणार त्या? त्यांना कुत्रं तोंड लावत नाही.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनमुळेच लिहिते. लहान होतास तेव्हा सांगितलं होतं, बांधावरून मला हाक मारायची तर तीनदा मार. माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, त्याला ओ द्यायची नसते. ती सवय तू अजून सोडली नव्हतीस. फोनवरसुद्धा आई, आई, आई, आणि मग हसायचास. वहाणा गेल्यापासून दिवेलागणीला तुझ्या नंबरावरून फोन येतो. आवाज तुझाच. आई, एवढं एकदा म्हणतो आणि गप्प. मागे फरशीवर काठी टेकते. मी ओ दिलेली नाही. सर्वेशा, पदर तोंडात कोंबून बसते पण देत नाही. हे पत्र भाग्यलक्ष्मीच्या मुलीच्या, पूजाच्या हाती पुण्याला पाठवते. ती तिथून शनिवारच्या बसने गावी परत निघते. तिच्याबरोबर तूच ये, आणि वडाखाली रोट तुझ्या हाताने ठेव. नाहीच जमलं तर तुझ्या अक्षरात लिहून तिच्याजवळ दे, आणि वर तीनदा आई लिही. आयतवारी सकाळी बस येते, मी तिठ्यावर उभी असेन. तेव्हा मला उत्तर पाहिजे. तोवर इथे फोन वाजला तर वाजू दे.

तुझीच,
आई