कमरेचा हंस

मेलकावेरी, कुंभकोणम्

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी हरिकृष्णाचा साष्टांग नमस्कार (तूर्त कागदावरच, प्रत्यक्ष घालण्यात काय अडचण आहे ते खाली कळेल). पुण्याच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला हटला का? इथे सगळे खुशाल. फक्त आमच्या लेकीचं, सुप्रजाचं, लग्न तुमच्या होल्स्टरवर येऊन ठेपलं आहे.

दुकानाचे दागिने घेऊन बसने तंजावरला जातो-येतो म्हणून मला पिस्तुलाचा परवाना मिळाला, आणि तुम्ही आपल्या फौजदारकीच्या दिवसांतलं ते ठेवायचं चामड्याचं होल्स्टर पाठवलंत. एवढ्यात निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. पण होल्स्टर रिकामं बघवेना. रोज बाळगायचं तर नेमकं कुठे, ते आताच ठरवून टाकू म्हटलं, आणि घरातल्या नाचियार्कोविलच्या समईचा वरचा पितळी हंस फिरवून काढला व त्यात बसवला. वजनाला बरोबर, चोच नळीच्या जागी. सौ. सुंदरी म्हणाली, "आता समईवर काय लावू, तुमचं डोकं?" मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मामा, तुम्ही आयुष्यभर पँट घातलीत, तुम्हाला वेष्टीचं, आमच्या इकडच्या लुंगीवजा धोतराचं, दुःख काय कळणार. उजव्या कमरेला, वेष्टीवरच्या रुंद हिरव्या पट्ट्यात लावलं, तर बसमध्ये दांडी धरायला हात वर करताच सदरा वर गेला आणि कंडक्टर तिकीट न देताच पुढे सरकला. (त्याला बोलावून तिकीट घेतलं, तो तर हात जोडूनच उभा.) पाठीमागे लावलं, तर जागा असून तंजावरपर्यंत उभा. घोट्याला लावलं, पण उकाड्यात वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडल्यावर सगळी गल्ली माझ्या पायाकडे बघू लागली. काखेत फार छान बसतं, पण तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात सदरा काढावा लागतो. एका खांद्यावर जानवं, दुसऱ्यावर चामड्याचा पट्टा. भटजींनी तीर्थ इतक्या उंचावरून सोडलं की ते माझ्या कोपरावर पडलं. शेवटी पोटापाशी, नाभीच्या जरा उजवीकडे लावलं आणि त्याच देवळात साष्टांग घातला. हंस असा रुतला की उठता येईना. मागच्या बाईंनी माझ्या भक्तीची आपल्या मुलाला ओळख करून दिली.

तरी पोटाचीच जागा मला पसंत पडली, आणि शुक्रवारी सुप्रजाचं लग्न ठरवायला वासुदेवराव मुलाला, म्हणजे मध्वेशला, आणि विहीणबाईंना घेऊन आले, तेव्हा हंस उपरण्याखाली तिथेच होता. (काढायचा राहिला म्हणा. खरं म्हणजे मला त्याची सवय झाली होती.) पंक्तीत मांडी घालून रसमवर वाकलो आणि हंस होल्स्टरमधून सुटून थेट पायसात. वासुदेवरावांनी पानाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या बोडक्या समईकडे, मग माझ्या पोटावरच्या चामड्याकडे. सुप्रजाचा चेहरा पांढरा पडला. पोरीला तो मुलगा फार आवडला आहे, मामा. आणि मी बोलून गेलो की आमच्यात मुलगी देताना बाप समईचा हंस कमरेला बांधून व्याह्यांच्या पंक्तीला बसतो, मराठे तंजावरात आले तेव्हापासून.

वासुदेवरावांचे डोळे भरून आले. म्हणाले, लहानपणी आजोबांच्या कमरेला हा हंस मी स्वतः पाहिलाय. हंस पायसातून उचलून त्यांनी कपाळाला लावला.

इति. सगळ्यांना नमस्कार.

आपला,
हरिकृष्ण

ता. क. विहीणबाईंच्या मात्र गळी उतरलेलं नाही. पुण्याकडच्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र आल्यावरच ठरवू म्हणाल्या. तेव्हा ही चाल तिकडेही होती असं दोन ओळी जरा जुन्या वळणाने लिहून पाठवा. तुम्ही कोर्टात साक्षी दिलेल्या आहेत, तुम्हाला जमेल.

ता. क. दुसरा. वासुदेवरावांना आता असंही आठवतंय की वरातीत नवरदेवही हंस बांधायचा. पत्राबरोबर आणखी एक होल्स्टर पाठवा. मध्वेश डावखुरा आहे.

ता. क. शेवटचा. निवडणूक संपली, पिस्तूल घेऊन जा असा ठाण्यातून निरोप आला होता. लग्न होईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, असं मी त्यांना कळवलं. सध्या होल्स्टर रिकामं नाही.