आठ वॉल्व्ह आणि एक दसरा

पांढुर्णा,
१५ ऑक्टोबर १९५६, सोमवार, सकाळी साडेसहा

ती. स्व. मोरेश्वरदादांस,
धाकटा भाऊ वसंत याचा शि. सा. न. वि. वि.

मोटारीचे आठ वॉल्व्ह परातीत घेऊन ओसरीवर बसलो आहे. कोणता कुठला, ते ओळखता येत नाही, म्हणून लिहितो.

आपण साठ रुपये पाठवलेत, त्याप्रमाणे यशवंतराव मिस्त्रींनी शनिवारी इंजिन उघडले. तळाची बेअरिंगे झिजली आहेत, ती बदलावीत. वॉल्व्ह दोनच जळाले आहेत, तेवढेच नवे घालावेत, असे ठरले. जुना वॉल्व्ह ज्याच्या त्याच्या जागी घासून बसलेला असतो, म्हणून मी आठांनाही आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. काल दसरा. हत्यारांच्या पूजेसाठी वहिनींनी ते राखेने लख्ख घासले, हळदकुंकू वाहिले आणि तेलकट चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. मिस्त्री म्हणतात, की बाबू, आता आठही नवेच घ्या. म्हणजे चाळीस रुपये गेले, आणि बेअरिंगला पैसा उरत नाही. वहिनी कालपासून रडून राहिल्या आहेत. मी त्यांना काही बोललो नाही.

प्रतिभाताईचे दिवस भरत आले. तिला रामाकोन्याच्या मळ्यावरून चोवीस तारखेपर्यंत सौसरच्या दवाखान्यात आणा, बैलगाडीचे धक्के मुळीच नकोत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. काय बदलू आणि काय ठेवू, ते आपणच ठरवावे.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.
आपला,
वसंत


नागपूर,
१८ ऑक्टोबर १९५६

चि. वसंतास,
मोरेश्वरचे अ. उ. आ.

तुझ्या वहिनीला रागावला नाहीस, हे बरे केलेस. लग्नाला नऊ वर्षे झाली, शकूने मला एवढे घासूनपुसून कधी कुंकू लावले नाही. मोटारीचे नशीब!

आमची कचेरी पेट्यांत भरून राहिली आहे. एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात, आपले पांढुर्णा मध्य प्रदेशातच, आणि राजधानी भोपाळ. शनिवारी मलाही पेट्यांबरोबर तिकडे जायचे आहे. पगार तिथे पोचल्यावरच मिळेल, तेव्हा आणखी पैसे पाठवता येत नाहीत. इंजिन तुझ्यासमोर उघडे आहे, माझ्यासमोर नाही. तूच ठरव. मी इथून सांगितले आणि ताईला काही झाले, तर ते मला सोसणार नाही. तसा मी भित्राच.

प्रकृतीस जप. आठवण ठेव.
तुझा,
दादा


सौसर, दवाखान्याची पडवी,
२६ ऑक्टोबर १९५६, दुपारी बारा

ती. स्व. दादांस,
वसंतचा शि. सा. न. वि. वि.

आधी खुशाली. ताईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

वॉल्व्ह आठही नवे घातले, बेअरिंगे जुनीच ठेवली. वॉल्व्हशिवाय इंजिन सुरूच झाले नसते, दुसरे काय ठरवणार होतो? बुधवारी ताईला घेऊन निघालो. सौसर दोन मैलांवर राहिले आणि तळातून ठोके ऐकू येऊ लागले. ताईने विचारले, की काय वाजून राहिले रे. मी खोटेच सांगितले, की मागची कळशी. फर्लांगभर गेलो आणि इंजिन अडकले.

मागून कापसाची गाडी घेऊन पुंडलिकराव नावाचे गृहस्थ येत होते. त्यांनी गाडी रस्त्यात सोडली आणि बैल मोटारीला जुंपले. मी चाक धरून बसलो, एवढेच. कळा येत असताना ताई हसली आणि म्हणाली, की डॉक्टरांना सांगू नकोस हं, बैलांनीच आणले म्हणून. मला हसता आले नाही. बैलांना हाकणारा मी नव्हतो, मोटार चालवणाराही नव्हतो.

मोटार येथे आवारात उभी आहे. आत काय काय तुटले, ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडण्याचे धैर्य मला होत नाही. आपण आल्यावर पाहू.

आमच्यावर माया असू द्यावी.
आपला,
वसंत

ता. क. वॉल्व्ह ४०, पॅकिंग ४, मिस्त्रींची मजुरी १५, पेट्रोल ६. एकूण ६५ रुपये. आपले ६० वजा जाता मिस्त्रींचे देणे ५. पुंडलिकरावांचे देणे किती, ते त्यांनी सांगितले नाही.