दुसऱ्या नावाची जागा

बेहाला, कोलकाता
सरस्वतीपूजेनंतरचा सोमवार

प्रिय अजेय,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. आईला आता फोन करणंही जमेना का, असं चैत्रालीला म्हणालाही असशील. जमतं रे. पण फोन वाजला की नूपुर माझ्या आधी तिथे पोहोचते, स्पीकर लावते आणि खुर्ची ओढून शेजारी बसते. तिला सगळं समजत नाही असं आपण म्हणतो, पण माझा आवाज जरा बदलला की तिला लगेच कळतं. आणि मला तुझ्याशी तिच्याबद्दलच बोलायचं आहे. म्हणून ती तिच्या कार्यशाळेत मेणबत्त्या करायला गेली की मी हे लिहायला बसते. ती परतली की पत्र उशीखाली जातं. पस्तीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेली बाई आपल्याच मुलीपासून कागद लपवते आहे, काय म्हणावं याला.

आधी आमची बातमी. आमचा टीव्हीवरचा कार्यक्रम नक्की झाला. शंतनुबाबू आठवतात ना, कोपऱ्यावरचे केबलवाले? त्यांच्या स्वतःच्या चॅनलवर रविवारी सकाळी ज्योतिषांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती लागतात. त्यातला अर्धा तास त्यांनी आम्हाला फुकट दिला आहे. विषय तुझ्या बाबांचाच, मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याची कृती लपवलेली नसते, जे कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं आणि पुढच्याला द्यावं. गार्डन रीचच्या ऑफिसातून दमून आले तरी गल्लीतल्या औषधवाल्याच्या कॉम्प्युटरसमोर तास घालवून यायचे. चोरीचं कशाला वापरतोस, हे घे, हे तुझंच आहे, असं त्याला सांगायचे. त्यांच्यामागे हे चालू ठेवलं ते सलीलने. तो सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत नोकरी करतो आणि दर रविवारी आपल्या पुढच्या खोलीत येऊन बसतो. बाबांचा चेला, आता माझ्या हातच्या पोह्यांचाही. कॅमेऱ्यासमोर तो बोलणार, वैदेही चित्रफीत कापून जोडणार. ती बँकेच्या बदलीवर नाशिकहून आली आहे. लिहायचं काम माझ्याकडे. माझं बंगाली वाचताना शंतनुबाबू डोळे मिटून घेतात आणि मग गुपचूप दुरुस्त करतात. कुणाला कसलाही मोबदला नाही. कार्यक्रमाचं नाव ‘खोला दरजा’, म्हणजे उघडं दार.

नूपुरलाही काम आहे आणि ते तिच्याशिवाय होत नाही. आमचं चित्र फोनवर घेतात आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर, म्हणून प्रत्येक वेळी सुरुवातीला कुणीतरी कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवावी लागते. मग वैदेही त्या टाळीवरून दोन्ही जुळवते. नूपुर समोर येते, मान वर करून माझ्याकडे बघते आणि विचारते, “आई, एबार?” आता का, असं. मी मान हलवली की टाळी. टाळीनंतर हात तसेच जोडून ती हलायचीच थांबते, सलील ‘झालं’ म्हणेपर्यंत. एकदा तो म्हणायला विसरला आणि ती पूर्ण वेळ तशीच उभी राहिली. तिच्या दंडावर शहारे आले होते. सलीलला मग मी चांगलं फैलावर घेतलं.

गेल्या रविवारी पुजोपर्यंतच्या, म्हणजे दुर्गापूजेपर्यंतच्या, सगळ्या भागांची आखणी करायला बसलो होतो. बाबांचा एक नियम सलील अजून पाळतो. कोणतंही काम एकाच माणसाच्या भरवशावर ठेवायचं नाही, प्रत्येक कामापुढे दोन नावं. बाबा सांगायचे, एका प्रोग्रॅमवर कितीतरी लोकांचं काम चालायचं आणि तो सांभाळणारा माणूस मात्र एकटा होता. तो अंथरुणाला खिळला तेव्हा लोकांना त्याचं नाव पहिल्यांदा कळलं. म्हणून बाबांनी आखणीचा तक्ताच असा करून ठेवला आहे की दुसरं नाव नसेल तर ती चौकट लाल होते. दुसरा नियम सलीलचा. दुसऱ्याचं नाव आपण लिहायचं नाही, ज्याचं त्याने स्वतः म्हणायचं. दिवे उचलायला त्याने शंतनुबाबूंचं नाव परस्पर घातलं होतं आणि त्यांची पाठ आठवडाभर धरली, तेव्हापासून.

तक्ता टीव्हीच्या पडद्यावर होता. बोलायला सलील, नाहीतर शंतनुबाबू. कॅमेरा, दिवे, सगळं भराभर भरत गेलं. टाळीपुढे नूपुर, आणि तिला बरं नसलं तर कोण, असं विचारल्यावर सगळ्यांचेच हात वर गेले. नूपुर तर एवढी हसली की तिला उचकी लागली. मग सलीलने साधेपणाने पुढची ओळ टंकली: ‘नूपुरसोबत’. चित्रीकरण चालू असताना तिच्याजवळ कुणी लागतंच. पहिलं नाव मी सांगितलं. शेजारची चौकट लाल झाली.

ती ओळ नुसती चित्रीकरणापुरती नाही, हे सगळ्यांनाच कळलं. सलीलने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि पुन्हा उचलली. पुजोनंतर मानसीची, त्याच्या बायकोची, पुण्याला बदली होते आहे आणि तोही जाणार हे मला ठाऊक होतं. खोटं नाव लिहिण्याचा त्याचा स्वभाव नाही. वैदेही चहा टाकायला उठली. शंतनुबाबू म्हणाले, “बौदी, ओटा पोरे होबे,” वहिनी, ते नंतर बघू. नंतर बघू हे मी नूपुर जन्मल्यापासून ऐकते आहे आणि म्हणतेही आहे. त्या दिवशी मात्र ते लाल मला सोसेना. उठून टीव्हीच बंद केला. सगळ्यांनी घाईघाईने आपापल्या चपला शोधल्या.

त्यानंतर मी बराकपूरला जाऊन आले. तिथे अशा मुलामुलींना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे. नूपुरला बरोबर घेऊन गेले, सियालदहला गाडी बदलताना तिने माझा पदर सोडला नाही. संस्था वाईट नाही, खोटं कशाला बोलू. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. पण दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांना ओळीने बसवलं होतं आणि सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले होते. नूपुर माझ्या कानात म्हणाली, “आई, घरी.” तिथल्या बाईंनी सांगितलं की पहिले तीन महिने घरच्यांनी भेटायला येऊ नये, मुलं रुळतात. मी अर्ज घेऊन आले. भरलेला नाही.

तुला तुझी बारावीनंतरची पुण्याची गाडी आठवते का? तू डब्यात चढलास तेव्हा बाबा मला म्हणाले होते, याला परत बोलवायचं नाही. तू तिच्याहून लहान, पण शाळेत तिचा डबा उघडून द्यायला धावायचास. तुझ्या सहली बुडाल्या, तुझे मित्र घरी येईनासे झाले, हे आम्ही दोघांनी बघितलं होतं. बाबांच्या तेराव्याला तू विचारलंस, पुढे कसं? मी म्हटलं, मी आहे ना, तुझ्यावर काही येणार नाही. त्या रात्री तू कितीतरी दिवसांनी शांत झोपलास. तुझ्या अंगावर पांघरूण घालताना मला वाटलं, निदान एका मुलाला तरी आपण मोकळं केलं. ते वाक्य मी मनापासून म्हटलं होतं रे. आजही परत घ्यायची माझी इच्छा नाही.

पण ‘मी आहे ना’ यातलं ‘आहे’ आता धरवत नाही. बांगड्या कोपरापर्यंत घसरतात, नूपुर त्यांच्याशी खेळते. पोटात दुखतं ते पित्तामुळे, असं मी दिवाळीपासून तुला फोनवर सांगत आले. ते दुखणं स्वादुपिंडाचं आहे आणि आता यकृतापर्यंत गेलं आहे. इथे डॉक्टरसुद्धा काळ पुजोवर मोजतात. मी विचारलं, पुजोपर्यंत? ते म्हणाले, बघू, आणि चष्मा पुसत बसले. मी उपचारांना हो म्हटलं आहे, रडारड करून झाली आहे, तेव्हा त्यासाठी धावत येऊ नकोस. पत्र एवढ्यासाठीच लिहिते आहे: ती चौकट अजून लाल आहे आणि तिथे तुझं नाव मी लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. चैत्रालीशी बोल, तुझ्या घराचा, तुझ्या उरलेल्या आयुष्याचा विचार कर, माझा करू नकोस. हो असेल तर फोन कर, नूपुर स्पीकर लावील आणि तिला तुझ्याच तोंडून कळेल. नाही असेल तर मला राग येणार नाही, मी बराकपूरचा अर्ज भरीन, माझ्या हातापायांत बळ आहे तोवर तिला तिथे रुळवायला हवं. फक्त ते ‘नाही’ फोनवर सांगू नकोस, अजेय. पत्राने कळव. ती शेजारी बसलेली असते.

तुझी आणि नूपुरची,
आई