पोस्टाच्या खोलीचं मधलं दार

३ फेब्रुवारी १९६४, सोमवार

आज तोंडातून गेलं. विहिरीवर कलाबाईला विचारलं, कोकिळेचा हात बरा आहे का आता. विचारलं आणि लगेच कळलं! लेकीचा हात सासरी भाजला हे तिनं गावात कोणालाच सांगितलेलं नाही. पत्र सकाळीच आलेलं. पोस्टात पुंजाजीनं तिला वाचून दाखवलं, बस.

"तुले कसं माहीत?" म्हणाली.

मी दोराकडे पाहत राहिले. ती अर्धाच हंडा भरून गेली.

आता इथं तरी खरं लिहावं. पोस्ट माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. हे पोस्टमास्तर होते तेव्हापासून. हे जाऊन चैत्रात दोन वर्षं होतील. खोली तीच, टेबल तेच, शिक्का तोच, खुर्चीवर पुंजाजी. पोस्ट आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एक दार. ते मी चार बोटं उघडं ठेवते. भाकरी थापताना कानावर येतं — कोणाचा मुलगा पलटणीत पोचला, कोणाची म्हैस व्याली, कोणी कोणाला नमस्कार सांगितला. पुंजाजी वाचतो मोठ्यानं, जसं काही सगळ्या गावालाच पत्र आलं आहे.

मला कोणाचं पत्र येत नाही. म्हणून दुसऱ्यांची ऐकते. चोरीच म्हणायची.

४ फेब्रुवारी

कलाबाई विहिरीवर आली. दोर माझ्या हातात दिला नाही, काठावर ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुंजाजी मागच्या दारानं आला, चप्पल बाहेर काढून. नात्यानं दीर लागतो, पण असा कधी येत नाही. काल टपालाचे इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले होते. कलाबाईच्या नवऱ्यानं, भगवानरावानं, सगळ्यांसमोर त्यांच्या कानावर घातलं की पोस्टातलं बोलणं घरात जातं. साहेबांनी मधलं दार पाहिलं. चार बोटं उघडंच होतं ते! पंधरा दिवसांत दाराला आपोआप लागायची सोय करा, नाहीतर पोस्ट दुसऱ्या घरी नेऊ, असं लिहून गेले.

"वयनी, तुमचं नाव नाही घेतलं मी," पुंजाजी म्हणाला. मग उठता उठता, "पण दार लावून घ्या."

पोस्ट गेलं तर? यांची खुर्ची, यांच्या कोपराने घासलेला टेबलाचा कोपरा, सगळं कोणाच्या तरी ओसरीवर जाईल. आणि ही खोली रिकामी. नको.

११ फेब्रुवारी

कडूबा सुतार मलकापूरला गेला होता, दोन नमुने घेऊन आला. चुलीपुढं मांडले.

एक म्हणजे लांबलचक स्प्रिंग. एक टोक चौकटीला, दुसरं दाराच्या फळीला. दार उघडलं की ताणते, सोडलं की ओढून घेते. उघड्यावर दिसते, कुरकुरते.

दुसरी म्हणजे नुसती बिजागरी. जरा जाड, एवढंच. स्प्रिंग तिच्या पोटात. वरून काही कळत नाही. एक सळई खोचून ताण कमीजास्त करायचा, तो सुतारानंच करायचा.

पुंजाजीला विचारलं. तो म्हणाला वरची लावा, साहेब उंबऱ्यातूनच पाहतील आणि खूश होतील. कडूबा हसला. पुंजाजी गेल्यावर मला म्हणाला, "काकू, वरचीले आकडा असते. काढला का दार मोकळं. मग चार बोटं ठेवा नाहीतर चाळीस!"

त्याला सगळं माहीत आहे. गावालाच माहीत आहे म्हणायचं.

मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. जी सगळ्यांना दिसते तिला फसवता येतं. जी दिसत नाही तिला नाही.

वरची लाव म्हटलं.

१२ फेब्रुवारी

लागली. दार उघडून सोडलं की धाडकन लागतं. मांजर शेपूट वाचवून पळालं. पुंजाजीनं चार वेळा उघडझाप करून पाहिलं, लहान मुलासारखं.

१३ फेब्रुवारी

तीन तास धरला धीर. मग आकडा काढला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पोस्ट उघडायच्या वेळी आकडा काढते, थैली बांधायच्या वेळी परत घालते. आता सरावाने आवाज होत नाही. यांना काय वाटलं असतं? मला अक्षरओळख याच दारात झाली. शाळेत मी गेलेच नाही. हे टपाल निवडायचे, मी मागं उभी राहून पत्त्यांवरून अक्षरं लावायची. आधी गावांची नावं, मग माणसांची. नांदुरा मला पहिल्यांदा वाचता आलं. हे वळून म्हणाले होते, आता मलकापूर वाच. पण पाकिटाच्या आतलं कधी विचारू दिलं नाही त्यांनी. एकदा विचारलं तर दिवसभर बोलले नाहीत.

आज हे लिहिताना लाज वाटते. उद्या आकडा काढीन का? काढीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोकिळेचं दुसरं पत्र आलं. अंतर्देशीय. कलाबाई आणि भगवानराव दोघं आले. बाकावर आणखी दोन-तीन पुरुष बसलेले. मी पिठाचा हात तसाच धरून दाराशी उभी.

पुंजाजीनं वाचलं. सासू-सासरे बरे आहेत, हरभरा चांगला आला, हाताची जखम सुकली, बाबांना नमस्कार. संपलं.

बाकावरचं कोणी म्हणालं, "चाललं की मंग चांगलं. नांदू द्या." भगवानरावानं मान हलवली, "हाव." कलाबाईचा आवाज आलाच नाही. मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि डोक्यावरचा पदर ती दोन्ही हातांनी धरून बसली होती, वारा नसताना.

मला वाटलं, दार ढकलावं आणि तिच्याजवळ जाऊन बसावं. पण मी तिथं नाहीच ना! मी तर दारामागं आहे, दार तर बंद आहे.

२० फेब्रुवारी

कडूबाला बोलावणं धाडलं. वरची काढ, पोटातली लाव. ताण चांगला दे.

"काऊन काकू? साहेबाले तर तेच आवडन."

"साहेबासाठी नाही," म्हटलं.

२१ फेब्रुवारी

लागली. दार आता हळू येतं आणि घट्ट बसतं. आवाज करत नाही. बाहेरून पाहिलं तर साधं दार. पुंजाजी कुरकुरला की साहेबांना दाखवायचं काय? मी म्हटलं, दाखवू नका, उघडून सोडा.

२२ फेब्रुवारी

काही ऐकू येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिक्का मारल्याचं तेवढं जमिनीतून जाणवतं. धप. धप. आज अकरा वेळा. कोणाचं ते माहीत नाही.

जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा काढला. गेल्या वर्षीच्या बातम्या वाचल्या. मोठ्यानं वाचून पाहिलं. आपलाच आवाज परका वाटला, बंद केलं.

२७ फेब्रुवारी

यांचा सदरा दोरीवर टाकला, ऊन द्यायला. दर महिन्याला टाकते. कोणी घालणार नाही, तरी कसर लागू नये.

आज दिवसभरात बोललेले शब्द — हड, मांजराला. आणि दूधवालीला, पुरे.

४ मार्च, बुधवार

भरदुपारी मागच्या दारी कलाबाई. महिनाभर तोंड फिरवून असलेली! आत आली, पाट ओढून बसली. मधल्या दाराकडे पाहत होती.

म्हणाली की आठ दिवस ती पोस्टात येऊन दार पाहून जाते. हातानं ढकलून पाहते. पहिली स्प्रिंग होती तेव्हा आकडा सुटलेला तिनं पाहिला होता. आता मात्र दार खरंच लागतं. म्हणून आली.

कमरेची पिशवी सोडून पत्र काढलं. कोकिळेचं, एकोणीस तारखेचं.

"मले वाचता येत नाही, पण डोळे आहेत. एवढी शाई अन् एवढंच बोलणं? तू वाच. हळू वाच."

मी म्हटलं, आधी एक सांगते. त्या दिवशी आकडा काढलेला होता. मी ऐकलं आहे. हरभरा आणि नमस्कार, तेवढंच वाचलं होतं त्यानं.

तिनं पत्र परत पिशवीकडे नेलं. उठून जाईल वाटलं.

"बरं झालं ऐकलंस," म्हणाली. "वाच आता."

मी वाचलं. हरभरा होता, नमस्कारही होता. पण त्याच्या आधी नऊ ओळी होत्या. हात भाजला नव्हता, सासूनं तव्यावर धरला होता. आता रात्री गुरांच्या कोठ्यात बाहेरून कडी घालून ठेवतात. पत्र शेजारणीच्या हातून टाकते आहे. शेवटी: आई, बाबांना सांगू नको, तू मला घेऊन जा.

कलाबाई रडली नाही. पदर तोंडावर घट्ट धरून बसली. मग म्हणाली, पुंजाजीनं भल्यासाठीच गाळलं असेल, भगवानराव बाजूला बसला होता, बाकावर लोक होते. असं म्हणाली आणि मग तिनं पुंजाजीला एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

"तुले लिहिता येते का?"

या वहीशिवाय मी कुठं काही लिहिलेलं नाही. येतं म्हटलं.

पण नुसतं निघून ये असं लिहिलं तर सासरचेच पहिले वाचतील. विचार करून कलाबाईच म्हणाली, "मी लई आजारी आहे म्हून लिही. जगते का मरते असं. आजारी मायजवळ पाठवा लागते, लोक नावं ठेवतात नाहीतर."

तसं लिहिलं. अक्षर थरथरलं, ते बरंच दिसलं. माझ्या हातचं पहिलं पत्र, आणि खोटं.

५ मार्च

आमच्या पेटीत टाकलं नाही. कलाबाई मोताळ्याच्या बाजाराला गेली, तिकडे टाकून आली. येताना मला पेरू.

८ मार्च, रविवार

कलाबाई दोन दिवस अंथरुणावर आहे, कण्हते. भगवानरावानं वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणे, नाडी उत्तम! मी भेटायला गेले. गोधडीतून एक डोळा उघडून पाहिलं तिनं. मला हसू आवरेना, बाहेर येऊन ठसका लागल्याचं सोंग केलं.

घरी येऊन भीती वाटली. नाही पाठवलं तर? आणि पाठवलं, आणि हे खोटं उघडं पडलं तर भगवानराव काय करील? पोस्टही जाईल मग या घरातून. जाऊ दे.

११ मार्च, बुधवार

कोकिळा सकाळच्या मोटारीनं आली. तिला पाहताच माय अंथरुणातून उठली; ती धडधाकट पाहून बाप भडकला, उद्या परत पोचवतो म्हणाला, घरात घेईना. कलाबाईनं तिला हाताला धरून माझ्याकडे आणलं. जेवली. आता चुलीपाशीच निजली आहे, दुखरा हात पोटाशी घेऊन. बारीक घोरते. भांडी घासायची राहिली आहेत. राहू देत.